हवालदार रिकामा हात फेकत नसत

हवालदारांनी कुत्र्यासमोर रिकामा हात कधी फेकला नाही. आपण सगळे फेकतो. हातात काहीतरी आहे असं दाखवायचं, हात झटकायचा, कुत्रं धावत जातं, शोधत बसतं आणि आपण हसतो. मीही एकदा फेकला. आमची कुत्री, काळी, साठेक पावलं धावत गेली आणि वाळूत नाक घालून गोल गोल फिरायला लागली. हवालदार हसले नाहीत. माझ्या पायाशी डमी पडली होती. डमी म्हणजे कॅनव्हासची, भुसा भरलेली, हातभर लांब वळकटी. ती उचलून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"कप्तान, जावा आणि ती जिथं शोधतीया तिथं ठेवून या."

"मी? या उन्हात?"

"हात तुम्ही फेकलाय."

मी गेलो नाही. कुणाच्या सांगण्यावरून मी सहसा कुठे जात नाही. मग ते स्वतःच दुखरा गुडघा ओढत गेले. काळीची पाठ वळली तेव्हा हळूच डमी टाकली आणि तिला ती सापडेपर्यंत तिथेच उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "कुत्र्याशी खोटं बोलू नये. माणसाला निदान संशय तरी येतो."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. शाळा सोडली ती लाँचवर खलाशी व्हायला. पुढे या मुलखात आलो आणि शारजाच्या बाहेर, धैदच्या वाटेवर एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, फार्मवर राखणीला लागलो. खजुरीची झाडं, बकऱ्या, एक तळं आणि मी. इतकी वर्षं झाली की रायगडातल्या आमच्या गावी आता मला पाहुण्यासारखं सरबत देतात. आमचा अरबाब दिलदार, पण त्याचं मन एका गोष्टीत वर्षभरापेक्षा जास्त रमत नाही. घोडे झाले, बहिरी ससाणे झाले. मग त्याने परदेशातून एक काळी लॅब्राडोर कुत्री मागवली. शिकारीत पडलेला पक्षी शोधून अलगद आणून देणारी जात. कागदावर तिचं नाव नजमा होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं नाव नजमा. मी अरबाबाला तोंडावर सांगितलं, या नावाने मी हाक मारणार नाही. म्हणून ती काळी झाली.

तिला शिकवायला हवालदार आले. साताऱ्याकडचे, फौजेत कुत्र्यांच्या तुकडीवर नोकरी करून निवृत्त झालेले. मुलगा शारजात अल नहदाला टॉवरमध्ये राहतो, त्याच्याकडे आले होते. बायको गेलेली, नवव्या मजल्यावर दिवस जाता जात नव्हता. मुलाच्या ऑफिसातल्या कुणी अरबाबाच्या कानावर घातलं आणि मला रोज पहाटे पिकअप घेऊन त्यांना आणायला जायचं काम लागलं. मी खलाशी होतो हे कळल्यावर ते मला कप्तान म्हणायला लागले. आधी चेष्टेने म्हणत. पुढे चेष्टा गेली, नाव राहिलं.

ते वेळेच्या आधी दहा मिनिटं खाली उभे असत, जून-जुलैतसुद्धा, जेव्हा पहाटेची हवाही भिजलेल्या गोधडीसारखी अंगावर पडते. सूनबाई चांगली होती, पण घरात कुत्र्याचा वास चालत नसे. त्यांचे कपडे बाल्कनीत वेगळ्या बादलीत. नातीने एकदा नाक धरून म्हटलं, "आजोबा, यू स्मेल लाइक डॉग." हवालदार म्हणाले, "तुझा बाप म्हशीच्या गोठ्यात वाढलाय, त्याचा वास घेऊन बघ." हे मला सांगताना ते हसले, पण पिकअपची काच खाली करून बसले. वासाची सवय माझ्या नाकालाही नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर मी काळीला शिवत नसे. कुत्र्याची लाळ लागली की आमच्यात सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. थंडीत गुडघे धरलेले असताना ते कोण करणार? मी चार हात लांब उभा राहून सगळं बघायचो. हवालदारांची वेगळीच तऱ्हा. ते मांसमच्छी खात नसत. थंडीत परवाना असलेल्या एका फार्मवर पाळलेली बदकं तळ्यावर सोडून शिकार होई, तिथे अरबाब आम्हाला घेऊन जायचा. बंदूक वाजली, बदक पडलं, की काळी जागची हलायची नाही. हवालदारांनी हलकेच नाव घेतलं की सुटायची आणि पीस न मोडता बदक त्यांच्या हातात द्यायची. जिवंत असलं तर बिस्मिल्ला म्हणून सुरी मी फिरवायचो. अरबाब मित्रांना सांगायचा, "माझी टीम बघा. एक कुत्र्याला हात लावत नाही, दुसरा शिकार खात नाही."

तोंडाचा हळुवारपणा शिकवायला ते तिच्या तोंडात कच्चं अंडं ठेवत. ते घेऊन ती तिच्या खोलीपासून माझ्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत यायची. हवालदार म्हणायचे, "घ्या कप्तान, नाश्ता आला." मी म्हणायचो, "तुमच्या सुनेकडे पाठवा." असं आमचं रोजचं चालायचं.

अशा शिकारी कुत्र्यांच्या परीक्षा असतात. एका हंगामात तीन पास झाल्या की कुत्र्याच्या नावापुढे टायटल लागतं. अरबाबाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मार्चपर्यंत टायटल मिळालं तर काळी राहील, आणखी कुत्रे येतील. नाहीतर खलास, हेही बंद. मला वाटे, हवालदारांना एवढं काय त्याचं? पगार ते घेत नव्हते, चहा तेवढा घेत. एकदा विचारलं.

"फौजेत माझ्या कुत्रीला मेडल मिळालं," ते म्हणाले. "मला त्याच महिन्यात बदली. तिच्या गळ्यात मेडल घालताना दुसराच माणूस उभा होता. एकदा मला उभं राहायचंय."

पावसाळ्याचे महिने संपले, इथे पाऊस नसतो पण आम्ही अजून महिने तसेच मोजतो. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्यांना दिसत नाही. दुसऱ्या प्रकारचा धडा चालू होता. त्यात पक्षी आधीच लपवून ठेवतात, कुत्र्याने पाहिलेला नसतो. लांब गेलेल्या कुत्र्याला शिट्टीने बसवायचं आणि हाताच्या इशाऱ्याने डावीकडे नाहीतर उजवीकडे वळवायचं. काळी बरीच डावीकडे वाहवली होती आणि हवालदार समोर बघून खुशाल उभे होते.

"ती गाफच्या झाडापाशी गेली," मी म्हटलं.

"कुठलं झाड?" ते म्हणाले.

काचबिंदू होता. घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मुलाने खाली उतरू दिलं नसतं. "तुमची नजर समुद्रावरची आहे," ते म्हणाले. "धड्यापुरती उसनी द्या." अरबाब कधीही येऊन मागे उभा राहायचा, म्हणून बोलून सांगायची सोय नव्हती. त्यांनीच ठरवलं. पक्षी माझ्या डाव्या हाताला असला तर एक खोकला, उजव्या हाताला असला तर दोन. मी खोकायचो, ते हात करायचे, काळी वळायची. "पण परीक्षेत नाही हां, कप्तान. तिथं मी आणि काळी." मी शब्द दिला. पहिली परीक्षा डिसेंबरात, दुसरी जानेवारीत. हवा स्वच्छ होती, थोडंफार दिसत होतं. दोन्ही पास झाली. मी लांब उभा राहून तोंड मिटून बघितलं.

मार्चमधल्या तिसऱ्या परीक्षेला सकाळपासून हवेत धूळ होती. वारा मात्र पडलेला. परीक्षक गोरा होता, खाली मान घालून कागदावर लिहीत होता. अरबाब खुर्चीवर बसला होता. लपवलेलं बदक समोरच्या झुडपांमागे, जरा डावीकडे. हवालदारांनी काळीला सोडलं. ती सरळ गेली, झुडपांच्या बाजूने पुढे निघाली. हवालदारांनी शिट्टी दिली. ती बसली, वळून बघत राहिली. आणि हवालदार तसेच उभे. हात वर होईना. मला त्यांची मान दिसत होती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हळूहळू फिरणारी. ते मला बघवेना.

मी खोकलो. एकदा, जोरात.

हवालदारांचा हात खालीच होता. काळी उठली आणि डावीकडे वळली. सरळ झुडपात शिरली आणि बदक घेऊन आली.

परीक्षकाची मान अजून कागदावर होती. त्याला काही कळलं नाही. अरबाब टाळ्या वाजवायला लागला होता. हवालदारांनी बदक घेतलं, काळीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि फौजेतल्या इंग्रजीत म्हणाले, "सर, डॉग विथड्रॉन." परीक्षकाने दोनदा विचारलं, खरंच मागे घेताय का. त्यांनी दोनदा तेच सांगितलं.

पिकअपमध्ये मी वाट बघत होतो की ते ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, मोकळा झालो असतो. शारजाची वस्ती लागल्यावर ते बोलले.

"तुम्ही खोकलात त्याचा राग नाही, कप्तान. मला वाटत होतं, ती वर्षभर माझा हात बघतीया."

मी माफी मागितली नाही. कुणाकडेच मागायची सवय नाही. अल नहदाला त्यांना उतरवलं तेव्हा म्हणालो, "उद्या पाच वाजता?" ते म्हणाले, "उद्या नको." त्याच रात्री त्यांनी मुलाला डोळ्यांचं सांगितलं असं नंतर कळलं. पंधरा दिवसांत ते साताऱ्याला गेले. विमानतळावर मीच सोडलं. शिट्टी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "मला वाजवता येत नाही." ते म्हणाले, "वाजवू नका. ठेवा."

अरबाबाने शब्द पाळला. कुत्र्यांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या जाळ्या काढल्या, तिथे आता बकऱ्यांचा चारा असतो. काळीला न्यायला एक माणूस टेम्पो घेऊन आला होता. मी फाटक उघडलं नाही. अरबाबाला फोन केला, म्हटलं, ती जाणार असेल तर मीही जातो. तो खूप हसला. "तू? तू तर तिला शिवत नाहीस." मग म्हणाला, "ठेव, हबीबी, तुझीच ती." त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझ्या हाताला नाक लावलं आणि मी सात वेळा हात धुतले. हल्ली रोजच धुतो. पाणी थंड असतं, पण धुतो.

हवालदारांना आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. फोन येतो, आधी काळीची विचारपूस, मग माझी. त्या दिवसाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. हे लिहिलंय ते कुणीतरी त्यांना वाचून दाखवेल, म्हणून एक गोष्ट इथे सांगतो. फोनवर ती माझ्या तोंडून निघत नाही.

माझी छाती आता धुळीने भरून आलीय. दिवसातून दहा वेळा खोकला येतो. काळीही म्हातारी झालीय, दारापुढे निजून असते, हाकेला उठत नाही. पण मी खोकलो की उठते. माझ्या डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीमागे जाते आणि शोधते. पहिल्या दिवशी ती तिथे बराच वेळ फिरली आणि काही न घेता परत आली, माझ्याकडे बघत उभी राहिली.

तेव्हापासून पहाटे नमाज झाला की मी टाकीमागे जातो आणि डमी तिथे ठेवून येतो. ती घेऊन आली की परत नेऊन ठेवतो. दिवसातून दहा वेळा. गुडघे दुखतात, पण जातो.