आमचे हे आणि आफ्रिकेचं जंगल

मंडळी, आमचं झांबियाला जायचं नक्की झालं! जंगल बघायचं तेही जीपमधून नाही, चक्क पायी!

अडचण एकच होती, आमचे हे. टूरवाल्यांनी फोनवर बजावलं होतं, "गाइडच्या मागे रांगेत चालायचं आणि अजिबात बोलायचं नाही. हत्ती जवळच असू शकतो." आणि आमचे हे तर धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसले की उतरेपर्यंत सगळ्यांची चौकशी करतात.

म्हणून आज सकाळी त्यांना जवळच्या शेलार गावच्या नदीकाठी सरावाला नेलं.

"बोललात तर मी एकटी जाईन," मी दम दिला.

"मी कुठं बोलतो?" म्हणाले आणि खरंच गप्प झाले.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मागून माझा दंड घट्ट धरला. मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्यांनी बोट दाखवलं. एक मुंगूस आपल्या पिल्लांना घेऊन आमच्यासमोरून वाट ओलांडत होतं!

ती दिसेनाशी झाल्यावर हे हळूच म्हणाले, "जन्म इथं गेला, पन असं कधी बघितलंच न्हाय गं." डोळे भरले होते त्यांचे.

घरी येताच दोघांचं बुकिंग केलं. तुम्ही असं न बोलता शेवटचे कधी आणि कुणासोबत चालला होतात?