मामांचा रणगाडा

माझ्या मामेसासऱ्यांच्या हाती हे विश्व घडवायचं काम दिलं असतं, तर आपण कुणीच अजून जन्माला आलो नसतो. पृथ्वी नीट गोल झाली आहे की नाही हे बघत मामा अजून हातात पॉलिश पेपर घेऊन बसले असते, आणि शेजारी चंद्र ‘तात्पुरता’ म्हणून चिकटपट्टीने लावून ठेवलेला असता. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे त्यांच्या टेबलावर आलेली फाईल कधी अडकली असं नाही, पण ती पुढे जाताना आली होती त्याच्या दुप्पट जाड झालेली असायची. वाक्य बरोबर असलं तरी ते आणखी बरोबर करता येतं, अशी त्यांची श्रद्धा. साहेब लोक त्यांना घाबरत, कारण साहेबांचं सही केलेलं पत्रसुद्धा ते पेन्सिलीने सुधारून परत पाठवत.

अशा माणसाच्या हाती तो रणगाडा पडला. मामा तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. थंडी पडायला लागली होती आणि मामींनी त्यांना स्वेटर आणायला सरोजिनी नगरच्या बाजारात पाठवलं होतं. फुटपाथवर स्वेटरांच्या ढिगाशेजारी कुणा परदेशी माणसाच्या घरातलं जुनं सामान विकायला मांडलेलं होतं. त्यात कोपरे चेपलेला एक खोका होता. आत रणगाड्याचे प्लास्टिकचे सुटे भाग, जोडायची कृती सांगणारा कागद गायब. झाकणावर रणगाड्याचं चित्र. ते बघून मामा जागच्या जागी थबकले, कारण मामींचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो, ते तरुणपणी लष्करात अगदी असलाच रणगाडा चालवायचे. मामा खोका घेऊन घरी आले. त्या हिवाळ्यात मामी शाल गुंडाळून वावरल्या.

पुढच्याच रविवारी दादा नोएडाहून आले. त्यांनी खोका हातात घेतला आणि झाकणावरच्या चित्रावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “झाला की सांगा. बघायला येतो.” मामा म्हणाले, “बिल्कुल. दिवाळीपर्यंत होतोच.” कुठल्या दिवाळीपर्यंत, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

खोका जुन्या काळातला होता. त्या वेळी अशा रणगाड्याच्या पोटात खेळण्याची मोटर बसवून तो घरभर पळवायची पद्धत असावी. त्यामुळे त्याच्या बुडाला भोकं होती. खऱ्या रणगाड्याला भोकं नसतात, या मुद्द्यावर मामा पेटले. मामींची टाल्कम पावडर आणि मामींचंच नेलपॉलिश यांचं मिश्रण करून त्यांनी ती बुजवली. इंजिनावरच्या जाळीसाठी चहाची गाळणी गेली आणि पुढचा महिनाभर त्या घरात चहा पिताना प्रत्येक जण दातांनी गाळून प्यायला लागला. दोरखंडासाठी दारावरच्या घंटीतली तांब्याची तार गेली. “घंटी कशाला हवी, यार? आपल्याकडे येणारे सगळे ओरडूनच येतात,” मामांनी मला समजावलं. प्लास्टिक तापवून ताणलं की त्याचा केसासारखा तंतू निघतो, हा शोध त्यांना लागला तेव्हा समोर देवघरात निरांजन जळत होतं. मामी डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी डोळे उघडले तेव्हा देवापुढे मामा वाकलेले होते आणि घरभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला होता. लग्नानंतर मामा पहिल्यांदाच देवापुढे इतका वेळ वाकलेले दिसले, म्हणून मामी त्या दिवशी फार रागावू शकल्या नाहीत.

प्लास्टिकच्या भागांची मापं चुकलेली आहेत, हा पुढचा साक्षात्कार. छावणीच्या एका फाटकाबाहेर चौथऱ्यावर तसलाच एक जुना रणगाडा ठेवलेला होता. मामा एका सकाळी मामींची शिवणाची टेप घेऊन त्याच्यावर चढले. पहारेकरी धावत आला.

“अंकल, क्या कर रहे हो?”

“नाप ले रहा हूँ, भैया.”

“किसलिए?”

“मेरेवाले का मडगार्ड जरा छोटा आया है.”

“आपके पास टँक है?”

“है ना. घर पे. लेकिन अभी चालू हालत में नहीं है.”

एवढं खरं बोलून त्यांनी स्वतःला अडकवून घेतलं. शेवटी माझ्या ऑफिसात मला बोलावणं आलं आणि मी पुरावा म्हणून तो चेपलेला खोका रिक्षात घालून घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने चहा पाजून मामांना सोडलं. निघताना मामांनी त्याला सांगितलं की तुमच्या रणगाड्याचा रंग चुकला आहे.

रंगाचं प्रकरण असं होतं. दादांनी फोनवर सांगितलं होतं, “आमचा रंग पालकाच्या भाजीसारखा होता. पण आजच्या नाही. कालच्या.” तेव्हापासून मामींच्या घरी पालक आदल्या दिवशी शिजायला लागला. मामा वाटी घेऊन बाल्कनीत उन्हात जायचे, एका डोळ्याने भाजी आणि दुसऱ्याने रंग बघायचे, आणि मग ती भाजी आम्ही खायचो.

पण सगळ्यात हद्द झाली ती झाकणापायी. रणगाड्याच्या पुढच्या अंगाला चालकाने आत शिरायचं एक झाकण असतं. खोक्यातल्या भागात ते मुळातच बंद, अंगाला चिकटलेलं होतं. करंगळीच्या नखाएवढं. मामांनी ते दाढीच्या ब्लेडने कोरून वेगळं करायला घेतलं. दोनदा तुटलं, तिसऱ्यांदा हरवलं आणि मामींनी झाडून काढलेल्या केरात सापडलं. त्याला बिजागरी म्हणून मामींच्या सेफ्टी पिनचा तुकडा लावला. या एका झाकणात उन्हाळा गेला. मी वैतागून म्हटलं, “मामा, हे उघडून कोण बघणार आहे?” ते मान वर न करता म्हणाले, “ज्याला आत बसायचंय तो.”

मामा निवृत्त झाले, दिल्लीतल्याच द्वारकेत फ्लॅट घेतला, रणगाडा मामींच्या मांडीवर बसून नव्या घरी आला. आणि एके दिवशी दादांचा फोन आला. काचबिंदू होता. बाजूचं दिसेनासं झालं होतं, गेलेली नजर परत येणार नव्हती. “घाई नाही,” दादा म्हणाले, “पण अजून समोरचं दिसतंय. तेवढ्यात दाखवा.”

मामांनी फोन ठेवला आणि सरळ टेबलापाशी जाऊन बसले. मला वाटलं, आता होईल. पण घाईने मामांचा स्वभाव बदलला नाही, उलट चेव आला. ज्या माणसाला एकदाच, शेवटचं बघायचं आहे त्याच्यापुढे वाकडं चाक कसं ठेवायचं? चाकं निघाली. चाकं बसली, तर पट्टे सैल वाटायला लागले. पट्टे बसले, तर रंग चकाकतोय असं वाटलं. मामी कधी आवाज चढवत नसत. पण त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, “दादाचे डोळे तुमच्या पॉलिश पेपरची वाट बघत थांबणार नाहीत हो.” मामांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका उतरला की मामींनाच वाईट वाटलं.

रणगाडा झाला. पण दादांना आणायला मी नोएडाला गेलो तेव्हा त्यांना फक्त उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. गाडीत ते मला म्हणाले, “त्यांना सांगू नकोस एवढ्यात.” मी सांगितलं नाही, पण दादा दारातून भिंत चाचपत आत आले तेव्हा सांगायला काही उरलंच नव्हतं. मामी तोंड फिरवून पाणी आणायला गेल्या. मामा नुसते उभे राहिले. इतक्या वर्षांचं काम पाठीमागे टेबलावर होतं आणि ते दाखवायचं कसं, हे त्यांना कळेना.

“कुठाय?” दादा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मामांनी त्यांना खुर्चीत बसवून रणगाडा पुढ्यात ठेवला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की बुरूज ओला आहे. वरच्या तोफेचा बुरूज चकाकतोय म्हणून या गृहस्थांनी सकाळीच त्याला पुन्हा एक हात मारला होता! दादांची बोटं त्यावर टेकली. मामा एकदम ओरडले, “दादा, रंग—” आणि मामींनी पाण्याचा पेला धरूनच त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते मध्येच थांबले.

“रंग काय?” दादांनी विचारलं.

मामा म्हणाले, “रंग छान जमलाय. कालच्या पालकासारखा.”

दादा हसले. त्यांनी बोटं बुरुजावरून अलगद उचलली, मग ती तोफेवरून फिरली, गाळणीच्या जाळीवर थांबली, घंटीच्या तारेवरून गेली, आणि पुढच्या अंगाला येऊन पोचली. तिथे ती अडखळली. दादांनी नखाने जरासं उचकटलं. झाकण उघडलं.

“अरे,” दादा म्हणाले. मग करंगळीचं टोक त्या भोकात ठेवून ते तसेच बसून राहिले. “इथं. इथं बसायचो मी.”

मामा चष्मा पुसायला लागले. मला माझाच राग आला आणि मामांचा अभिमान वाटला.

दादांची बोटं हिरवी झाली होती. मामींनी रॉकेलचा बोळा घेऊन एकेक बोट पुसलं, आणि बोटांना काय लागलंय हे दादांनी विचारलं नाही. ते गेल्यावर मामांनी रणगाडा दिव्याखाली घेतला. बुरुजावर चार बोटं स्वच्छ उमटली होती, रेषांसकट. मी मुकाट्याने पॉलिश पेपर पुढे केला. मामांनी तो घेतला, नीट घडी घातली आणि खोक्यात टाकून खोक्याला झाकण लावलं.

आता रणगाडा बैठकीत काचेच्या कपाटात असतो. परवा सोसायटीतले एक गृहस्थ वाकून बघत म्हणाले, “अंकल, सब परफेक्ट है. बस ऊपर उंगलियों के निशान रह गए. ठीक कर लीजिए.”

“नहीं जी,” मामा म्हणाले, “वो ठीक ही है.”

कुठल्याही वस्तूबद्दल मामांनी असं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. मामी आत चहा गाळत होत्या, त्यांचाही हात क्षणभर थांबला.