कार्ल्याच्या लेण्यातलं ऊन

माझे वडील गाईड होते. हा शब्द पाहुण्यांचा. गावात त्यांना नुसतं 'लेणीवाले भाऊ' म्हणत. मळवली स्टेशनात पुण्या-मुंबईची मंडळी उतरली की त्यांना कार्ल्याच्या लेण्यांत न्यायचं, सगळं दाखवायचं, कुणाची हौस आणि पाय शाबूत असले तर दुसऱ्या दिवशी लोहगड चढवायचा आणि संध्याकाळच्या गाडीत नीट बसवून द्यायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. लिहिता-वाचता येत नव्हतं. तरुणपणी लेण्यातली जुनी अक्षरं उतरवून घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या साहेबाचं सामान त्यांनी दोन हिवाळे वाहिलं, तेवढीच त्यांची शाळा. साहेबाकडून ऐकलं त्यात त्यांनी पदरची भर घातली. भर किती आणि कुठे, ते मी अजूनही सांगणार नाही.

एखादा चोखंदळ पाहुणा विचारी, "तुम्ही मुसलमान, आणि बुद्धाची लेणी दाखवता?"

अब्बा उलट विचारीत, "डोंगूर कुनाचा हाय, सायेब?" आणि उत्तराची वाट न बघता चालू लागत.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत माझा नवरा मुंबईत तापाने गेला आणि मी मळवलीला परत आले. वय तिशीच्या आत, मराठी चौथी पास, आणि जीभ तिखट. आल्यावर चार-सहा दिवसांतच माझ्या ध्यानात आलं की अब्बा चहाचा पेला हातात घेण्याआधी बोटांनी चाचपतात. पुण्याच्या डॉक्टरकडे मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही. एका डोळ्याच्या कडेने थोडा उजेड कळत होता, बाकी सगळा अंधार. अम्मा तर आधीच गेली होती.

गाडीत बसल्यावर अब्बांनी मला तिच्या नावाने शपथ घातली. "कुनाला सांगायचं न्हाई. डोळं गेल्यालं कळलं तर उद्यापासनं टेसनात मला कोन इचारंल? घरात बसून काय गोधड्या शिवू?"

मला राग आला. असल्या गोष्टीसाठी मेलेल्या बाईला मध्ये घालतात? पण मी कबूल झाले, कारण ते खरं बोलत होते. हा माणूस घरी बसला तर दोन महिन्यांत अंथरूण धरील, हे मला दिसत होतं.

मग आम्ही बाप-लेकीने एक सोंग सुरू केलं. मी पाण्याची कळशी घेऊन पुढे चालायची आणि पाहुण्यांवर खेकसायची. "अवो ताई, सांभाळा, हितं पायरी फुटलीया!" ताईंना पायरी दिसतच असे. "ओ दादा, डावीकडं सरकू नगा, शेवाळ हाय!" दादा उजवीकडेच असत. सावध करायचं होतं अब्बांना, बोलणी खायचे पाहुणे. पुष्कळांनी मला कजाग ठरवलं. ती मी होतेच, त्यामुळे सोंग वठवायला फारसे कष्ट पडले नाहीत.

एकवीरेच्या देवळापुढून लेण्यात शिरलं की माझी गरज संपायची. तिथे अब्बांना पावलांचा हिशोब तोंडपाठ होता. सिंहाच्या खांबापासून दारापर्यंत अमुक पावलं, दारापासून पहिल्या खांबापर्यंत तमुक. काठी वर करून ते दगडात कोरलेल्या हत्तीकडे, जोडप्याकडे बरोब्बर दाखवीत. छताच्या लाकडी कमानींकडे बोट करून म्हणत, "दगडाला आधार लागत न्हाई, तरीबी लाकूड घातलं. का? तर आधी समदे लाकडाच्या घरात ऱ्हायलेले. सवय मोडवंना."

शेवटी त्यांचा हुकमी एक्का असे. त्या लेण्याच्या दारावर पिंपळपानाच्या आकाराची भलीमोठी खिडकी आहे. तोंड पश्चिमेला. पौष-माघात दिवस कलला की त्या खिडकीतून ऊन आत येतं, जमिनीवरून सरकत सरकत जातं आणि थेट टोकाच्या स्तूपावर चढतं. काळा दगड बघता बघता तांबूस होतो. ही वेळ अब्बा खालच्या रेल्वेवरून धरीत. साडेचारच्या पॅसेंजरची शिटी दरीतून वर ऐकू आली की मनात शंभर मोजायचे, मग सगळ्यांना स्तूपाकडे वळवायचं आणि काठी उंचावून म्हणायचं, "आता बघा." नजर होती तेव्हा ही नुसती गंमत होती. नजर गेल्यावर त्या शिटीवरच सगळी भिस्त.

दोन हिवाळे असे निभावले. लेण्यांचं मला भय नव्हतं. भय होतं ते लोहगडाचं. गडाला विंचूकाटा म्हणून एक लांबच लांब सोंड आहे, दोन्ही बाजूंना तुटलेला कडा. हट्टी पाहुणे तिथे जायचंच म्हणत, आणि अब्बा ओळखीच्या वाटेवर काठी टेकत त्यांच्या पुढे चालत. मी मागून फक्त जीव मुठीत धरून जायची. अब्बांना म्हटलं, गड सोडा, लेणी ठेवा. ते म्हणाले, आज गड सोडला तर उद्या लेणी सुटतील.

तिसऱ्या पौषात पुण्याच्या मुलींच्या शाळेची सहल आली. वीसेक मुली आणि त्यांच्या मोठ्या बाई. नऊवारी, जाड चष्मा, पायांत कॅनव्हासचे बूट. या बाई दर वर्ष-दोन वर्षांनी येत आणि अब्बांशिवाय दुसऱ्या कुणाला विचारीत नसत. या खेपेला त्यांनी आधीच पत्र टाकून कळवलं होतं: आज लेणी, रात्री धर्मशाळेत मुक्काम, उद्या लोहगड, आणि विंचूकाटा मुलींना दाखवायचाच.

पत्र मी अब्बांना वाचून दाखवलं. मी म्हटलं, "अब्बा, वीस पोरी हायती. एकीचा जरी पाय घसरला, तर तुमी बघनार कसं?"

"तू हायेस की."

"मी एक हाय. तुमी पुडं, पोरी मधी, मी कुटं कुटं पुरू?"

ते उठून अंगणात गेले. मी मनाशी ठरवलं की लेणी होऊ द्यायची आणि धर्मशाळेत गेल्यावर बाईंना सगळं सांगून टाकायचं. शपथ मोडली तर मोडली. पण असं ठरवणं सोपं असतं. डोंगर चढताना अब्बा मुलींना हसवत होते, कडेच्या करवंदीच्या जाळ्यांवरून त्यांना कसलीशी थाप मारत होते, आणि त्यांचा तो खुशीतला आवाज ऐकून माझा निश्चय पायरीपायरीला विरघळत होता.

देवळाच्या थोडं अलीकडे एका मुलीच्या वहाणेचा अंगठा तुटला. बाकीचे अब्बांबरोबर पुढे लेण्यात गेले. मी तिच्याजवळ थांबून सुतळीने वहाण बांधत होते, गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती, तेवढ्यात खाली दरीत शिटी झाली. मी सहज वळून पाहिलं. मळवलीवरून गाडी चालली होती, पण पॅसेंजर नव्हे. उघड्या डब्यांवर ताडपत्रीखाली झाकलेल्या तोफा की काय होत्या, आणि मागे शिपायांनी भरलेले डबे. फौजेची गाडी. पॅसेंजर यायला अजून वेळ होता, तिच्या आधी हिला पुढे काढलेली असणार. शिटी मात्र तीच. शिटीला काही गणवेश नसतो.

मी त्या मुलीचा हात धरून पळतच वर निघाले. लेण्याच्या दारात पोचले तोवर उशीर झाला होता. अब्बांनी सगळ्यांना स्तूपाकडे वळवलं होतं. त्यांची काठी वर होती.

"आता बघा," ते म्हणत होते. "त्या दगडावर कसं कुंकवावानी ऊन चढलंय, बघा."

ऊन अजून खांबांच्या मधोमध, जमिनीवर होतं. स्तूप टोकाला काळाकुट्ट उभा. मुली डोळे ताणताणून बघत होत्या. कुणीतरी हळूच विचारलं, "कुठे?" आणि दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या.

अब्बांची काठी तशीच राहिली. "निरखून बघा की," ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. पण आता कुणी हसलंही नाही, आणि ती शांतता त्यांना कळली. तीस वर्षांत तिथे अशी शांतता त्यांनी ऐकली नव्हती. काठी खाली आली. माझ्या पायांचा आवाज ओळखून त्यांनी मान वळवली.

"ढग आलाय का गं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एक ढग आणि सगळं झाकलं गेलं असतं, आणि सकाळी आम्ही गडाच्या वाटेला लागलो असतो. 

"न्हाई, अब्बा," मी म्हणाले. "ढग न्हाई. ऊन यायचंय आजून. ती शिटी फौजेच्या गाडीची व्हती."

अब्बा काठीच्या आधाराने जवळच्या खांबाच्या बैठकीवर बसले. बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून दिसत नाही?"

"दोन वर्सं झाली, बाईसायेब," अब्बांनीच सांगितलं.

"म्हणजे मागच्या खेपेलासुद्धा!" बाईंचा चेहरा लाल झाला. "या मुली मी लोकांच्या घरून मागून आणते. एकेका आईची समजूत घालून आणते. तुम्ही त्यांना गडावर नेणार होतात?"

बाई बोलल्या त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अब्बा मान खाली घालून ऐकत राहिले. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मी केलं होतं.

"उद्याचा गड रद्द," बाई म्हणाल्या.

मुलींनी एकदम सुस्कारा टाकला. मला काय झालं कोण जाणे. शरम, राग, दोन वर्षांची कोंडी, सगळं एकाच वेळी वर आलं. "रद्द कशापायी?" मी म्हणाले. "मी नेते की. माझ्या आईचं माहेर लोहगडवाडीत. परकर नेसत हुते तवापासनं त्या गडावरनं गवताचे भारे उतरवलेत मी. आन् इंचूकाट्यावर कुनालाबी न्हेनार न्हाई. तुमी म्हनला तरीबी न्हाई."

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाल्या, "चढता येणं निराळं आणि दाखवता येणं निराळं. ऊन यायला वेळ आहे ना? तोवर सांगा इथलं. बघू."

मी अब्बांच्या जागेवर, स्तूपाला पाठ करून उभी राहिले. पहिली काही वाक्यं अब्बांचीच, शब्द न् शब्द.  वाक्यं संपली तेव्हा मी जवळच्या खांबावर हात ठेवला आणि मला स्वतःला जे तिथे नेहमी वाटे ते बोलू लागले. हे लेणं कुण्या एका राजाने कोरवलं नाही; त्या म्हाताऱ्या साहेबाने तसं अब्बांना अक्षरं वाचून सांगितलं होतं. एक खांब एकाने दिला, दुसरा दुसऱ्याने. व्यापारी होते, कारागीर होते, दूर मुलखातून आलेले परके होते, बायकाही होत्या. प्रत्येकाने आपल्याला झेपेल तेवढं उचललं. मुलींना म्हटलं, एकेका खांबाला हात लावून उभ्या राहा. त्या धावत गेल्या, आणि सगळं लेणं पोरींनी भरलं.

तेवढ्यात खरी शिटी झाली. मी शंभर मोजले नाहीत. जमिनीवरचं ऊन आपोआप पायऱ्या चढल्यासारखं वर सरकत गेलं असावं, कारण मला ते दिसलंच नाही. माझी तिकडे पाठ होती. मला समोरच्या मुली दिसल्या. स्तूपावरून परतलेला तांबूस उजेड एकदम त्यांच्या तोंडांवर आला आणि सगळ्या जणी जागच्या जागी थिजल्या.

"आलं," अब्बा म्हणाले. त्यांना कसं कळलं, देव जाणे. मग त्यांनी मला हाक मारली. "ए, तोंडं कशी हायती त्येंची?"

"काय?"

"तोंडं गं. पोरींची." ते उठून चाचपत माझ्याजवळ आले. "तीस वर्सांत म्या ते ऊन योकदाबी बघितलं न्हाई. पाठच असायची तिकडं. मानसांची तोंडं बघत हुतो म्या. डोळं गेल्याव तेवढीच चुटपुट लागली हुती."

मला हे ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी त्यांना पायऱ्या सांगितल्या, शेवाळ सांगितलं, आणि हे एकदाही सांगितलं नाही. मला रडू आलं, पण आवाज सांभाळून मी सांगायला लागले. "एक बारकी हाय, तिचं तोंड उघडंच ऱ्हायलंय. वहान तुटल्याली पोरगी योका पायावर उभी हाय, दुसरा पाय टेकायचा इसरलीया. त्या मघाशी हसल्या ना, त्या दोघींनी योकमेकीचा हात घट धरलाय."

अब्बा प्रत्येकीला मान डोलवत होते. "आन् बाई?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "लय रागात हायती का?"

मी पाहिलं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला होता आणि त्या वर बघत होत्या.

"न्हाई, अब्बा. आपन हितं हाय, ह्येचाच त्येंना इसर पडलाय."

अब्बा हसले, अगदी पूर्वीसारखे, खांदे हलवून. "मंग उद्या गडाव तूच फुडं हो. मी वाडीत बसतो. खाली आलीस म्हंजी समद्यांची तोंडं सांग मला. योकबी गाळू नगंस."