आत्याने सांगितलेलं नाव

क्षमाचा विषय निघाला की माझं डोकं तापतं. शाळेत आम्ही एका बाकावर, आता चौबे कॉलनीत भिंतीला भिंत. तिचं सोसणं मी जन्मभर बघत आलेय. कुणी तिचा डबा खाल्ला, की बाई म्हणायच्या, "जाऊ दे, तू तर क्षमा!" तिचे वडील, गंगाधरकाका, सात वर्षं अंथरुणावर होते. धाकटा भाऊ प्रफुल्ल शंकर नगरात, स्कूटरवर पंधरा मिनिटं, पण उगवायचा तो दिवाळीला. काकांचं सगळं हिनं केलं, त्यात लग्न राहून गेलं. काका गेले तेव्हा प्रफुल्ल दुसऱ्या दिवशी पोचला, आणि सगळं गणगोत हिलाच सांगत होतं, "नावाला जाग, पोरी."

गेल्या महिन्यात प्रफुल्लला मुलगी झाली. पेढे घेऊन आला. मी तिथेच होते. "ताई, पोट्टीचं नाव क्षमाच ठेवून राहिलो. तुझ्यासारखी सोशिक निघाली पाहिजे. आत्या तूच, कानात तूच सांगजो."

तो गेल्यावर तिने पेढा तसाच ठेवला. "आता हिलेही जन्मभर हेच ऐका लागन."

"मग नाही म्हण ना त्याले!"

"काय बोलू आता. जाऊ दे."

असा संताप आला मला! क्षमा मोठा गुण आहे, मान्य. पण तो आपल्या मर्जीने करावा, लोकांनी हक्काने मागू नये.

बारशाला क्षमा पाळण्यावर वाकली. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. माझा बुक्का रागाचा होता, जरा जोरातच बसला. बाळाच्या कानात कुर्र करून ती उठली.

"काय नाव ठेवलं?" सगळ्यांनी विचारलं.

"ओवी."

प्रफुल्लची बायको रीना ओरडलीच, "दीदी, केक पर तो क्षमा लिखा है!"

प्रफुल्ल लालबुंद. "काहून केलं असं? चारचौघांत नाक कापलं माझं!"

"आत्यानं कानात सांगितलं तेच नाव," क्षमा म्हणाली. ती मागे हटली नाही.

त्यांची प्रेमलामावशी घाईघाईने मधे पडली, "जाऊ दे रे प्रफुल्ल, माफ कर तिले."

क्षमाने भावाकडे पाहिलं. "हव," ती म्हणाली. "या वेळी तू करून पाह्य."