लिंबावरच्या अळ्या

पिंपळगावची द्राक्षबाग मुलाच्या हाती देऊन आम्ही दोघं पंचवटीत राहायला आलो, तेव्हा बायकोने अंगणात घाणेरी, पानफुटी, कढीपत्ता आणि एक लिंबाचं झाड लावलं. फुलपाखरांसाठी म्हणे. बांधावरची घाणेरी उपटण्यात माझा जन्म गेला आणि ही तिला पाणी घालत होती. मी तिची भरपूर थट्टा केली.

मागच्या पावसाळ्यात नीलवंत आलं. तळहाताएवढं, काळंभोर, मागच्या पंखांवर निळाई. आमच्या वस्तीत असलं फुलपाखरू मी कधी पाहिलं नव्हतं. ते लिंबाच्या पानांवर टेकत टेकत गेलं. तिने मला हाताला धरून नेलं आणि त्याची अंडी दाखवली. चारच दिवसांनी ती दवाखान्यात दाखल झाली. दुखणं जुनंच होतं, ते आता हाताबाहेर गेलं.

आठवडाभरात लिंबाची कोवळी पानं कुरतडलेली दिसली. अळी दिसली की औषध मारायचं, तीस वर्षं हाताला हेच वळण. पंप पाठीला लावला आणि झाड धुऊन काढलं. ती घरी येईल तेव्हा झाड धडधाकट दिसावं, एवढंच मनात होतं. तसाच दवाखान्यात गेलो, तर तिने आधी तेच विचारलं.

"अळ्या निघाल्या का हो? खाऊ द्या त्यांना पानं. त्यांचेच नीलवंत व्हतील."

निघाल्या, म्हणालो.

मग रोज तिच्या उशाशी बसून मेलेल्या अळ्या वाढवत राहिलो. आज हिरवी झाली, आज बोटाएवढी झाली, आज एकीने कोष केला. घरी आलो की त्या झाडाकडे बघवत नसे. पाचव्या आठवड्यात सांगितलं, उडालं.

"निळं व्हतं का?"

निळंच होतं, म्हणालो. ती हसली. दोन दिवसांनी गेली.

दहाव्याला रामकुंडावरून परतताना मला राहवेना. दवाखान्यात आईजवळ राहिलेल्या मुलीला सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं, दादा. तुमच्या शर्टाला औषधाचा वास होता. तुमचे फवारणीचे कपडे तिनेच धुतले ना एवढी वर्षं. मी तुम्हाला विचारणार होते, तर म्हणाली, राहू दे. इतकं कधी बोलले नाहीत माझ्याशी. बोलू दे."