ओढ्यातून आलेली वरात

मांजर आडवं गेलं तर मी मांजराला हॉर्न देतो. गाडी घेतली तीसुद्धा अमावस्येला, कारण त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नव्हती. तेव्हा न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहिण्याची पाळी माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला बिबवेवाडीतल्या आमच्या घरी बोलावून चहा पाजला असता आणि शांतपणे परत पाठवलं असतं. पण जे झालं ते मी स्वतः पाहिलंय... म्हणून लिहितोय.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. शहरातल्या रस्त्यांची आणि पुलांची तब्येत बघणाऱ्या एका खासगी कंपनीत मी इंजिनियर आहे. कुठला पूल किती जुना, तडे कुठे गेलेत, जड गाड्या किती जातात, आधी दुरुस्ती कुणाची — ही सगळी माहिती आम्ही एका नकाशावर मांडतो. काही पुलांखाली सेन्सरही बसवलेत. पूल जास्त थरथरला किंवा एका बाजूला खचला, की माझ्या मोबाईलवर त्या पुलाचा ठिपका रंग बदलतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे वाहतूक थांबवा. आता सांगा, यात भुताला जागा कुठे आहे?

तर — गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीचं, ऋतुजाचं लग्न होतं. ताईचं सासर विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रोडवरून आत. पूर्वी ते गाव होतं, आता पुण्यात आलंय, पण पद्धती सगळ्या गावच्याच. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो. मारुतीचं देऊळ ओढ्याच्या पलीकडे, मंगल कार्यालय अलीकडे, आणि मध्ये एक जुना, छोटा पूल. वरात पुलावर आली की मधोमध थांबून नाचायचं, ही तिथली खास हौस. खालच्या ओढ्यात वाजंत्रीचा आवाज घुमतो म्हणून. आमच्या सिस्टीममध्ये या पुलाला नाव नाही, नुसता नंबर आहे.

मी मुलीचा मामा. काम एकच, भाचीला मांडवात घेऊन यायचं. फेटेवाल्याने फेटा असा आवळला होता की भुवया वर ताणल्या जाऊन मी सगळ्या पाहुण्यांकडे आश्चर्याने बघतोय असंच दिसत होतं. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. अलर्ट होता. तोच पूल — लाल!

मला आधी हसूच आलं. आमच्यात नियम आहे, एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. सेन्सरवर कबूतर बसलं तरी ठिपका लाल होतो. सलग तीन आली तर हलायचं. दुसरं आलं, लाल. मी मोबाईल हातातच धरून ठेवला.

“संजू, माझ्या पोरीच्या लग्नात तरी ते ऑफिस खिशात ठेव,” ताई म्हणाली.

तिसरं आलं.

“ताई, वरात थांबवावी लागेल.”

“काय?” तिने हातातलं तबक खाली ठेवलं. “मुलाकडच्यांना रस्त्यात अडवणार तू? अरे, उद्या ते माझ्या पोरीला काय काय ऐकवतील!” तिचे डोळे भरून आले. ते बघून मला थांबावंसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मी पळालो. पळता पळता चौकीला फोन करून बॅरिकेड मागवले.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला वरात येऊन ठेपलीच होती. पुढे जनरेटरसकट डीजेचा टेम्पो, मग हलगीवाले, मग नाचणारी पोरं, आणि मागे घोड्यावर नवरदेव. मी टेम्पोसमोर हात पसरून उभा राहिलो.

“आवो मामा, बाजूला व्हा की!” नवऱ्या मुलाचे चुलते शंकरनाना पुढे आले. “मुहूर्त टळतोय, हाय का ध्यानात?”

“नाना, पूल धोक्यात आहे. यावरून कुणी येऊ नका.”

“आजपत्तूर उसाचे ट्रॅक्टर गेलेत याच्यावरनं. अन् तुमच्या मोबाईलला आजच भ्या वाटाय लागलं व्हय?”

सगळी वरात हसली. नवरदेव अक्षय घोड्यावरून वाकून म्हणाला, “मामा, सिरियसली? आज?” पूल माझ्या डोळ्यांसमोर होता आणि चांगला धडधाकट दिसत होता. मी चुकलो असेन तर आयुष्यभर ताईच्या घरी जाता येणार नव्हतं.

तेवढ्यात अक्षयचा फोन वाजला. ऋतुजा. त्याने स्पीकर लावला.

“अक्षय, आईकडून कळलं मला. मामा थांब म्हणतोय ना? मग थांब. तो जोक ऐकला तरी आधी पुरावा मागतो, उगीच पळत नाही यायचा. ओढा कोरडा आहे, खालून ये. नाहीतर मी येते तिकडे, मांडव सोडून!”

शंकरनाना खो खो हसत सुटले. “सूनबाई आत्ताच अशी, तर फुडं काय! चला रं, उतरा खाली!”

आणि काय सांगू... अशी वरात मी पाहिली नाही! टेम्पो वरच राहिला, हलगीवाले ओढ्यात उतरले. अक्षय एका हाताने घोड्याला आणि दुसऱ्या हाताने आजीला धरून चालत होता. करवल्यांच्या सँडल वाळूत रुतल्या, त्यांनी त्या हातात घेतल्या आणि अनवाणी नाचल्या. पुलाच्या अगदी शेजारी हलगी अशी घुमली की नानांनी मला हाताला धरून आत ओढलं. मी स्वतःच्या वरातीतसुद्धा नाचलो नव्हतो. त्या दिवशी नाचलो! मुहूर्त टळला, पण मुहूर्तावर लागलेलं लग्न मी तरी अजून पाहिलेलं नाही. धुळीने भरलेल्या मामाने भाचीला मांडवात आणलं आणि ताई रडता रडता हसली.

जेवताना मी स्नेहलला फोन लावला. सेन्सर बसवायचं काम आमच्याकडे तीच बघते.

“सर, त्या पुलाला सेन्सर बसवलाच नाहीये अजून,” ती म्हणाली. “पुढच्या आठवड्यात बसवणार होतो. बॉक्स माझ्या टेबलाखाली पडलाय. सीलसुद्धा फोडलेलं नाही.”

“आणि बॅटरी?”

“ती तर आलीच नाहीये, सर.”

हातातली जिलेबी हातातच राहिली.

नंतर पुलाचा पाया उकरून पाहिला. एका बाजूची माती आतून पार वाहून गेली होती, वरचा रस्ता जवळपास पोकळीवर उभा होता. जनरेटरसकट तो टेम्पो आणि मधोमध नाचणारी ती सगळी पोरं... मी पुढचा विचार करत नाही.

मी आणि स्नेहलने सगळं तपासलं. कुणी टेस्टिंगचा डेटा टाकला होता का, पुलाचा नंबर चुकला होता का, कुणी चेष्टा केली का. काही नाही. रीडिंग सर्व्हरवर आहेत, आणि ती त्याच सीलबंद बॉक्समधून आल्याची नोंद आहे.

आणखी एक. वरात खालून जात होती तेव्हा पुलावर चिटपाखरू नव्हतं. तरी त्या वेळच्या आलेखात पूल थरथरलेला दिसतो, एका लयीत. स्नेहलने माझ्या नाचाचा व्हिडिओ शेजारी लावला. हलगीचा ठोका आणि आलेखातला ठोका तंतोतंत जुळले.

“सर,” ती म्हणाली, “पूल ठेक्यात आहे. तुम्हीच नाही.”

ऋतुजाला सांगितलं तर तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. “त्यालाही नाचायचं होतं रे मामा. पण आपल्याला पाडून नाही.”

पुलाची दुरुस्ती झाली. सेन्सर बसला, बॅटरीसकट. ठिपका हिरवा असतो. काय घडलं याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी ते फारसं शोधतही नाही. फक्त आमच्या सिस्टीममध्ये एक रकाना भरायचा राहिला होता — धोका कुणी कळवला? रिकामा सोडला तर ती पुढे जाऊ देत नाही. सेन्सर लिहिणं खोटं ठरलं असतं. शेवटी लिहिलं: स्थानिक रहिवासी.