पाण्याबरोबर उतरलेला धूर

नव्या खोलीत पाऊल टाकलं की चाचा आधी डोळे मिटत. एक हात भिंतीला लावून चाचपडत फिरत आणि दार हाताला लागलं की डोळे उघडत. शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात पहिल्या दिवशीही त्यांनी हेच केलं. सगळे हसले. "हसा की," ते म्हणाले. "धुरात डोळं कामाचं न्हाईत, एवढंच सांगतो."

अग्निशमन दलात आयुष्य घालवून चाचा निवृत्त झाले होते. आमची कंपनी रस्त्यांवरच्या बोगद्यांसाठी आग दाबणारे पाण्याचे फवारे बनवायची. चाचणीसाठी आजऱ्याच्या वाटेवर एक नकली बोगदा बांधला होता. आत लाकडांची रास पेटवायची, छतातले फवारे सोडायचे आणि आकडे टिपायचे. आकडे माझ्याकडे, सुरक्षा चाचांकडे. जेवताना भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबायचा, नजर कुठंतरी जायची. "चाचा?" म्हटलं की दचकून म्हणायचे, "हाय, हाय. हितंच हाय."

पहिल्या मोठ्या चाचणीत फवारे सुटताच तापमान झरझर उतरलं. मी टाळ्या वाजवल्या. चाचा मात्र कॅमेऱ्याच्या चित्राकडे बघत होते. छतालगत तरंगणारा धूर पाण्याबरोबर खाली आला होता आणि बाहेर पडायचं दार त्यात पार बुडालं होतं.

"आग दबली, चाचा," मी म्हणाले.

"आणि माणूस?"

अहवालावर सही करायला त्यांनी साफ नकार दिला. साहेब चिडले. "अहो, बोगदा वाचतोय ना?"

"बोगद्याची घरी कोण वाट बघत नसतंय, साहेब," म्हणून ते बाहेर पडले.

मी मागोमाग गेले. बाहेर दगडावर बसून, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, "कबनूरला यंत्रमागाचा कारखाना पेटलेला. पाइप माझ्या हातात हुता. खिडकीतनं जोरात पाणी मारलं, वरचा धूर सगळा खाली बसला. आत एकजण हाय, ते आमाला ठावंच न्हवतं. मागनं गावला. दारापासनं दोन हातावर." मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "आग न्हवती पोचली त्याच्यापतूर. माझं पाणी पोचलं."

त्या दुपारी मी साहेबांशी भांडले. मग दाराकडे नेणारा कठडा भिंतीला बसवला, जमिनीलगत दिवे लावले. फवारे कधी सोडायचे, पंख्यांनी धूर कुठं ढकलायचा, हेही नव्यानं ठरवलं.

दुसऱ्या चाचणीला पाठीवर हवेचं नळकांडं बांधून चाचा स्वतः आत गेले. कुणाचं ऐकलं नाही. पाणी सुटलं, कॅमेऱ्याचा पडदा करडा झाला. मी घड्याळाला डोळे लावून बसले. अखेर दार उघडून चाचा बाहेर आले. सगळ्यांनी जल्लोष केला. ते मात्र मागं वळून बंद दाराकडे बघत उभे राहिले, जणू अजून कुणी यायचं होतं.

अहवालावर त्यांनी सही केली आणि काम सोडलं. वर्षभरात फुप्फुसांनी दगा दिला. दवाखान्यात भेटायला गेले ती आमची शेवटची भेट. ऑक्सिजनची नळी सारून त्यांनी विचारलं, "पोरी, त्या दिशी मला भाईर यायला किती लागलं?"

"दोन मिनिटं, चाचा."

त्यांनी डोळे मिटून हात पलंगालगतच्या भिंतीला लावला. मग म्हणाले, "त्या कबनूरच्याला एक पुरलं असतं."